रविवारचा गळ आणि आपलं जाळं : पिसाच्या माशीने मासे धरणाऱ्या पाहुण्याला होडीत घेण्याआधी



येत्या सर्वसाधारण सभेत एक विषय चर्चेला आहे. हुबळी-धारवाडची नोकरदार मंडळी रविवारी पहाटे गळ घेऊन आपल्या पाण्यावर येतात. त्यांना पैसे घेऊन होडीत न्यायचं की नाही, हा तो विषय. सभेत हात वर करण्याआधी प्रकरण काय आहे ते सगळ्यांना नीट कळावं, म्हणून हा पाठ लिहिला आहे. जरा लांब आहे, पण घरातल्या पोरांना मोठ्याने वाचायला लावा. त्यांनाही कळू दे.

हे पाहुणे कोण? कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी कोर्टात, कुणी कॉलेजात. सोमवार ते शनिवार मान वर करायला वेळ नाही. रविवारी दुपारी घरी पाहुणे, लग्नकार्य, बाजार. हातात उरते ती पहाट, साडेपाच ते नऊ. आणि मासाही नेमका त्याच वेळी वर येतो. त्यामुळे त्यांचं आणि माशाचं वेळापत्रक जुळतं. अडचण एवढीच, की आपली जाळी उचलायची वेळही तीच आहे. सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

१. माशीचा गळ म्हणजे काय

आपला गळ आपल्याला माहीत आहे. तंगूस, शिसं, गळ, त्याला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. फेकताना शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं.

या मंडळींच्या गळाला शिसं नसतं, गांडूळ नसतं. कोंबड्याचं पीस, थोडी लोकर, दोरा असं गळावर गुंडाळून किडा केलेला असतो. त्याला 'फ्लाय' म्हणतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच, मग तो लांब जातो कसा? तर इथे वजन दोरालाच असतं. दोर जाड असतो आणि त्याला नंबर असतात. सहा नंबरच्या दोराचे पुढचे 30 फूट साधारण 10 ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साधारण साडेतेरा ग्रॅम. म्हणजे आपल्याकडे भार दोरी नेतो, यांच्याकडे दोर माशी नेतो. एवढं ध्यानात आलं की बाकी सगळं समजतं.

काठी बहुतेक 9 फुटांची असते. दोराच्या टोकाला साधारण तेवढाच लांब, पुढे बारीक होत जाणारा पारदर्शक धागा असतो. मासा त्या जाड दोराला बिचकतो, म्हणून हा धागा.

फेकायची पद्धत अशी. काठी वर उचलायची आणि खांद्याच्या जरा मागे नेऊन एकदम थांबवायची. दोर मागे हवेत उलगडतो. तो पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, मग काठी पुढे आणून पुन्हा एकदम थांबवायची. नवखा माणूस चुकतो तो 'थांबण्यात'. घाई केली की चाबकासारखा फटकारा वाजतो आणि माशी तुटून जाते. जोर लावून काही होत नाही.

ज्याला वेळ नाही त्याला ही कला पाण्याशिवायही शिकता येते. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा आणि मैदानात रोज दहा मिनिटं फेकायचं. नोकरदार मंडळी असंच शिकतात. आपल्या पोरांनीही शाळा सुटल्यावर तसंच शिकावं. पाहुण्याला शिकवायला आपलाच पोरगा तयार असेल, तर मजुरी आपल्याच घरात राहील.

२. हा खेळ साहेबांनी आणला, असं समजू नका

गळाचा शौक आपल्या मुलखाला नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, काठी आणि दोरी कशी, हे त्यात सांगितलं आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे मासेतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर लेख लिहून ते जगापुढे आणलं. राज्य चालवणाऱ्यालाही कामातून सवड काढून काठाला बसावंसं वाटत होतं, असा त्याचा अर्थ.

त्याहून जुनी गोष्ट सम्राट अशोकाची. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातल्या ठराविक दिवशी मासे मारायला आणि विकायला मनाई आहे. म्हणजे मासेमारी बंदीचे दिवसही काल-परवाच्या सरकारने काढलेले नाहीत.

इंग्रजांच्या काळात हेन्री सुलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्याने 1873 साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. त्यात महसीर माशाचं मोठं कौतुक आहे. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे साधारण 54 किलोचा महसीर गळाने काढला. आजही ही मंडळी ती गोष्ट सांगतात.

३. कावेरीवर काय झालं, त्यातून काय घ्यायचं

आपल्याच राज्यात कावेरीच्या काठी भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी इथे गळाच्या मासेमारीची शिबिरं बरीच वर्षं चालली. देशोदेशीचे लोक महसीरसाठी यायचे. मासा धरायचा, वजन बघायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, असा नियम. गावातल्या माणसांना वाटाड्या आणि राखणदार म्हणून काम मिळालं. त्यात पूर्वी चोरून मासे मारणारेही होते. जिवंत मासा पुन्हा पुन्हा पैसा देतो म्हटल्यावर तेच त्याची राखण करू लागले.

पण ती जागा अभयारण्यातली. वन्यजीव कायद्याचा प्रश्न आला आणि 2010 नंतरच्या काही वर्षांत तिथली गळाची मासेमारी थांबली. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांचं काम गेलं. पहिला धडा हा, की कागद पक्का नसेल तर चांगला चाललेला धंदाही एका दिवसात बंद पडतो.

दुसरा धडा पिलांचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनी महसीराची पिलं तयार होतात. हा मासा मूळ आपल्या दख्खनचा. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. त्या केंद्राने मोठं काम केलं, पिलं देशभर गेली. त्यातली कावेरीतही सोडली गेली, तिथे ती फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडाचा महसीर मागे पडला. 2018 साली त्याची नोंद जगातल्या अति-संकटग्रस्त माशांत झाली. वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासेमारी ही कारणंही आहेतच. पण चांगल्या हेतूने सोडलेलं बीजसुद्धा घरच्या माशाला जड जाऊ शकतं, हे विसरायचं नाही. 'पाहुण्यांना आवडतो म्हणून महसीराचं बीज आणून सोडू' अशी सूचना सभेत कुणी केली, तर आधी मत्स्य खात्याला विचारायचं, मगच बोलायचं.

४. आपल्या पाण्यात माशीला काय लागतं

पाहुण्याला खोटी आशा लावू नका. आपण बीज सोडतो ते मुख्यतः कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरातले बारीक जीव गाळून खातो, मृगळ तळाला चरतो. पिसाच्या किड्याकडे हे सहसा बघत नाहीत. त्यांच्यासाठी माशीवाल्याला आणू नका, तो हात हलवत परत जाईल.

माशीला लागतात ते हे :

चिलापी (तिलापिया) : उथळ पाण्यात, काठाला. नवख्या माणसासाठी हाच मासा. 1952 साली देशात आला आणि वर्षातून अनेकदा वीण करतो. पाहुण्याने कितीही नेला तरी आपली हरकत नसावी, उलट बरंच आहे. परत मात्र सोडायचा नाही.

गवत्या : काठाच्या झाडाची फळं किंवा पानं पडतात तिथे वर येतो. माशीला घेतो, पण फार सावध. सावली पडली की गेला.

मरळ : वेलीच्या आणि गवताच्या कडेला. झेप घेऊन धरतो, म्हणून पाहुण्यांना फार आवडतो. इथे एक पक्का नियम. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला, की खाली आईबाप राखणीला असतात. ते पिलांच्या रागाने कशावरही झडप घालतात, त्यामुळे धरायला अगदी सोपे. पण ते उचलले की सगळा घोळका इतर माशांच्या पोटात जातो. तिथे होडी न्यायचीच नाही, मग पाहुणा कितीही पैसे देवो.

महसीर : आपल्या तळ्यात नाही. तो वाहत्या, स्वच्छ पाण्यातला. काळी नदीचं नाव पाहुणे काढतील. दांडेलीकडचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गळ टाकायचा नाही. शिवाय सुपा धरणाखाली वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पात्र थोड्या वेळात भरतं. ओळखीच्या माणसाला 'चला, दाखवतो' म्हणून कुणीही तिकडे नेऊ नये.

आणि हे पाहुण्याला सुरुवातीलाच सांगा. कटला, रोहू, मृगळ साठलेल्या तळ्याच्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून आपण दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडतो. तो मासा म्हणजे सभासदांचा पैसा आहे. चुकून गळाला लागला तर सोडायचा, नाहीतर वजन करून भाव द्यायचा.

५. सोडलेला मासा जगला पाहिजे

'सोडला' म्हणजे वाचला असं नाही. पाण्यात टाकल्यावर पोहत गेलेला मासा दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगताना आपण पाहिलेला आहे. म्हणून :

गळाचा काटा, म्हणजे मागे फिरलेलं टोक, पक्कडीने आधीच दाबून सपाट करायचं. गळ सहज निघतो, माशाच्या तोंडातून आणि माणसाच्या बोटातूनही. हात आधी ओले करायचे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. कल्ल्यात बोट घालून उचलायचं नाही. फोटो काढायचा तर मासा पाण्यातच तयार ठेवायचा आणि आपण श्वास रोखून धरू तेवढाच वेळ वर उचलायचा. सोडताना सरळ धरून, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार द्यायचा.

एप्रिल-मेमध्ये ऊन चढलं की हा खेळ बंद. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि झुंज देऊन दमलेला मासा सावरत नाही.

६. होडीत कोण कुठे बसणार

दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका सभासदाच्या गालात पाहुण्याचा गळ रुतला. होडीत पक्कड नव्हती. काठाला येऊन, गाडी शोधून दवाखाना गाठेपर्यंत दीड-दोन तास गेले. दोन बोटं वर लागला असता तर डोळा गेला असता. चूक पाहुण्याची नव्हती, आमची होती. कुणी कुठे बसायचं हे आम्ही सांगितलंच नव्हतं.

उजव्या हाताने फेकणाऱ्याचा दोर त्याच्या उजव्या खांद्यावरून मागे जातो. म्हणून होडीवाल्याने त्याच्या डाव्या बाजूला राहायचं. वारा उजवीकडून असेल तर दोर डोक्यावर येतो, अशा वेळी होडी फिरवून घ्यायची. दोघांच्याही डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. एका होडीत एकच काठी चालेल. दुसरा पाहुणा बसून राहील आणि आळीपाळीने फेकेल.

हरिगोलात (गोल बुट्टीत) उभं राहून फेकायचं नाही. ती जागच्या जागी फिरते आणि माणूस तोल जाऊन पाण्यात पडतो. बसूनच फेकायचं आणि खाली दगड किंवा नांगर टाकायचा. लाइफ जॅकेट पाहुण्यालाही आणि आपल्यालाही. 'मला पोहता येतं' हे उत्तर चालणार नाही. पोहणारेच बुडतात, हे आपल्या घरांना सांगायला नको.

गळ रुतलाच तर डोळ्याजवळ किंवा मानेला असेल तेव्हा हात लावायचा नाही, धागा कापून सरळ डॉक्टरकडे. बोटाला असला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. पक्कड, कात्री, स्वच्छ फडकं प्रत्येक होडीत हवं.

७. जाळं आधी की गळ आधी

आता मूळ दुखणं. मागच्या हंगामात एका पाहुण्याची माशी आपल्या सभासदाच्या जाळ्यात अडकली. ती सोडवायला त्याने चाकू काढला आणि जाळं कापलं. माशी फार तर शंभर-दोनशेची. जाळं किती हजारांचं आणि ते शिवायला घरच्या बायकांचे किती दिवस गेले, हे ज्याचं गेलं त्याला विचारा. काठावर जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचं स्पष्ट मत आहे : जाळं आधी. ज्याचं पोट या पाण्यावर आहे त्याची वेळ शौकासाठी हलवायची नाही. पण दोघांना जागा काढता येते. काश्मीरमध्ये ट्राउट माशाच्या नद्यांचे 'बीट' म्हणजे तुकडे पाडलेले आहेत. मत्स्य खात्याचा परवाना घेतलेल्या माणसाला त्या दिवशी तेवढ्याच तुकड्यात गळ टाकता येतो, आणि किती मासे न्यायचे तेही ठरलेलं असतं. आपणही पाण्याचा एक तुकडा ठरवू शकतो, जिथे शनिवारी रात्री कुणी जाळं टाकणार नाही. उथळ, गवताच्या काठाचा भाग जाळ्याला तसाही त्रासाचा असतो आणि चिलापी-मरळ तिथेच असतात. तो सोडायला फार जड जाणार नाही.

सभेपुढे आम्ही ठेवणार आहोत ते असं :

1. फक्त रविवार, पहाट ते नऊ. बंदीच्या आणि विणीच्या काळात पूर्ण बंद. तारखा मत्स्य खात्याकडून विचारून दरवर्षी ऑफिसच्या फलकावर लागतील.
2. एका रविवारी तीनच होड्या, पाळीपाळीने. ज्याची होडी मोठी त्यालाच धंदा, असं होणार नाही.
3. पैसे संस्थेच्या पावतीवर. एक हिस्सा होडीवाल्याचा, एक बोटुकलीच्या खात्यात, एक जाळ्याच्या नुकसानीसाठी बाजूला.
4. जाळ्यात गळ अडकला तर पाहुण्याने धागा कापायचा, जाळ्याला हात लावायचा नाही. नुकसान भरून द्यायचं.
5. तुटलेला धागा, प्लॅस्टिक, बाटली परत काठावर. धाग्यात पाणपक्षी अडकून मरतात.
6. दारू प्यायलेल्या माणसाला होडीत घ्यायचं नाही. तो पाहुणा असो की होडीवाला.

दर किती ठेवायचा? ज्याने त्याने आपला हिशेब करा. त्या पहाटे होडी जाळ्याला गेली असती तर डिझेल वजा जाता हाताला काय लागलं असतं? त्यापेक्षा कमी घेत असाल तर तो धंदा नाही, हौस आहे.

आणि कागद. 1996 चा कर्नाटक अंतर्देशीय मत्स्य कायदा आणि आपला करार यांत आपल्याला माशांचा हक्क आहे. पाणी आणि काठ आपल्या मालकीचे नाहीत. माणसं होडीतून फिरवायची तर ज्या खात्याचं पाणी आहे त्याची लेखी परवानगी, होडीची नोंद आणि विमा लागेल. पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर आणखी कडक. परवानगी हातात येईपर्यंत एकही पाहुणा घ्यायचा नाही. कावेरीची गोष्ट वर सांगितली ती यासाठीच.

शेवटी

काही जाणते सभासद म्हणतात, 'आम्ही पोटासाठी मासे मारतो, हे लोक मजेसाठी धरून सोडतात, हा काय प्रकार?' त्यांचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेत नाही. पाण्याशी खेळ करू नये, असं आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात. पण दुसरी बाजूही पाहू. आपलीच पोरं आता हुबळीत कारखान्यात, दुकानात, ऑफिसात जातात आणि रविवारीच घरी असतात. त्यांना जाळं उचलायला बोलवलं तर येत नाहीत. परवा त्यातलाच एक पोरगा पाहुण्याची काठी हातात घेऊन दोन तास काठाला उभा होता. घरी आल्यावर वडिलांना विचारत होता, मरळ पिलं कुठे घालतो म्हणून. बापाने पंचवीस वर्षांत जे पाहिलं ते त्याने पहिल्यांदा विचारलं.

एवढ्यावरून हो म्हणा, असं आम्ही म्हणत नाही. पण पाठ वाचून, घरात बोलून सभेला या. नको असेल तर का नको ते सांगा, हवं असेल तर कोणता काठ सोडायला तयार आहात ते सांगा. ज्यांचं जाळं कापलं गेलं ते सभासद सभेत पहिले बोलतील, असं आम्ही ठरवलं आहे.

घरातल्या बाईमाणसांनीही यावं. जाळं शिवणाऱ्या हाताला पिसाची माशी बांधणं अवघड नाही. ऑफिसात दोन-तीन नमुने ठेवले आहेत, येऊन बघून जा.

— सचिव, आपली मच्छीमार सहकारी संस्था